सुकाळातला आमोस

उंबराच्याच कुळातलं एक झाड पॅलेस्टाइनच्या सखल भागात वाढतं. पसारा तसाच ऐसपैस, फळंही तशीच खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेली. फरक एवढाच, की त्याच्या फुलांचं परागीभवन करणारं चिलट त्या मुलखात नाही, त्यामुळे फळ आपसूक पिकत नाही. कुणीतरी झाडावर चढायचं आणि हिरव्या फळाला सुरीनं चीर द्यायची. चिरलेल्या जागी इथिलीन वायू तयार होतो, फळ फुगतं आणि थोड्याच दिवसांत गोड होतं. इजिप्तमधल्या प्राचीन थडग्यांत अशी चीर दिलेली फळं सापडली आहेत. पण हे फळ राजाच्या मेजवानीतलं नव्हे, गोरगरिबांच्या पोटातलं.

अशा उंबरांची राखण करणारा आणि मेंढरं सांभाळणारा आमोस हा जुन्या करारातल्या बारा लघु संदेष्ट्यांपैकी एक. त्याचं गाव तकोवा, बेथलेहेमच्या दक्षिणेला. तिथून पूर्वेकडं पाहिलं की यहूदाचं ओसाड रान मृत समुद्राकडं उतरत जातं. एवढ्या उंचीवर हे उंबर वाढत नाही. म्हणजे तो कामासाठी डोंगर उतरून खाली जात असणार. डोंगरावर कळप आणि खाली झाडं, असा त्याचा हिंडता संसार मी मनाशी जुळवत बसतो. हिंडणाऱ्या माणसाला बाजार दिसतो. कोण काय भावानं घेतो, कोण कशात काय मिसळतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या मध्यावर हा माणूस आपलं यहूदा सोडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. तिथं दुसरा यराबाम राज्य करत होता आणि दिवस फार चांगले होते. दमास्कसचं बळ ओसरलेलं, अश्शूर आपल्याच घरच्या भानगडींत अडकलेलं, व्यापाराच्या वाटा मोकळ्या. राजधानी शोमरोनमध्ये श्रीमंतांचे पलंगसुद्धा हस्तिदंतानं मढवलेले, असं आमोस सांगतो. ही चिडलेल्या खेडुताची अतिशयोक्ती वाटली असती. पण विसाव्या शतकात शोमरोनच्या टेकडीवर उत्खनन झालं आणि हस्तिदंताचे कोरीव तुकडे शेकड्यांनी निघाले. कमळं, पंखवाले सिंह, इजिप्तच्या देवांची बालरूपं. तिथंच १९१० साली शाईनं लिहिलेल्या खापऱ्याही मिळाल्या: कुठल्या गावाहून कुणाच्या नावे जुनी द्राक्षमदिरा आली, कुणाच्या नावे उत्तम तेल आलं, याच्या नोंदी. आमोसच्या बोलण्यातही तेच तेल आहे, तीच मदिरा आहे. फक्त तो ती वाडग्यानं पिणाऱ्यांकडं पाहतो आणि लगेच विचारतो, की देशाच्या दुखण्याचं यांना काही वाटतं का?

आपल्याकडं उंबर फोडून केंबरं काढणं म्हणजे झाकलेलं उघड्यावर आणणं. आमोसनं सुकाळाचं फळ तसं फोडलं. आतून जे निघालं ते मोठं पाप नव्हतं, बारीकसारीक होतं, आणि मला ते फार अस्वस्थ करतं. एका जोडी वहाणांच्या किमतीला विकला गेलेला गरीब. लहान केलेला एफा म्हणजे धान्याचं माप, जड केलेला शेकेल म्हणजे वजन, खोटा तराजू. गव्हात मिसळून विकलेला भुसा. गहाण ठेवून घेतलेलं अंगावरचं वस्त्र सूर्य मावळायच्या आत परत करावं, असा नियम होता. तेच वस्त्र अंथरून सावकार वेदीपाशी आरामात रेललेला.

दुकानदारांविषयी तर तो त्यांच्या मनात शिरून बोलतो. शब्बाथ ते काटेकोर पाळतात, दुकान उघडत नाहीत, पण डोकं सारखं दिवस कधी संपतो याच्याकडं, म्हणजे पुन्हा माप हातात घेता येईल. इथं मला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत तेल गाळण्याचा धंदा करणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा थांबवणं हाताचं काम आहे. मनातला घाणा थांबला की नाही, हे ज्याचं त्याला माहीत. आमोस नेमका तिथं बोट ठेवतो.

म्हणूनच त्याचा देव सणांना कंटाळलेला आहे. होमबली नकोत, गाणी नकोत, वीणांचा आवाज नको. त्यापेक्षा न्याय वाहू दे, न आटणाऱ्या ओढ्यासारखा. १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी हीच प्रतिमा उचलली आणि ती जगभर गेली. तकोव्याच्या माणसाच्या तोंडी मात्र तिला वेगळी धार आहे. त्याच्या रानातले ओढे पावसात एकदा धडाडून येतात आणि पुढं महिनोन्महिने दगडगोटे तेवढे उरतात. न्यायाचा असा एखादा लोंढा त्याला नको होता. उन्हाळ्यातही मेंढरांना पाणी मिळेल, असा ओढा हवा होता.

बोलण्याची त्याची हातोटी मोठी धूर्त. सुरुवातीला तो शेजाऱ्यांचे अपराध मोजतो: दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश झाले असतील. मग यहूदा, त्याचं स्वतःचं राज्य; माना आणखी डोलल्या असतील. आणि मग घेर आवळत तो इस्राएलवर येतो, आणि तिथून हलतच नाही. तुम्ही निवडलेली प्रजा आहात ना? मग तुमच्याकडूनच हिशेब आधी. पुढं तर तो म्हणतो, की देवाला तुम्ही आणि कूशी लोक सारखेच. तुम्हाला त्यानं इजिप्तमधून आणलं, तसंच पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही त्यांच्या त्यांच्या जागेतून आणलं. स्वतःला देवाचे लाडके समजणाऱ्यांपुढं उभं राहून हे म्हणायला काय छाती लागली असेल!

बेथेलच्या मंदिरातला याजक अमस्या याला ते सोसलं नाही. त्यानं राजाला निरोप धाडला आणि आमोसला बजावलं, की यहूदात जा, तिथं भाकर मिळव, तिथं संदेश सांग. हे राजाचं मंदिर आहे. अमस्याला वाटलं, हाही पोटासाठीच बोलतो. आमोसनं उत्तर दिलं, की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याच्या घरातलाही नाही. माझी मेंढरं आहेत, माझी उंबरं आहेत. ज्याची भाकर राजाच्या हातात नाही त्याला गप्प कसं करायचं, हे कुठल्याच मंदिराला आजवर उमगलेलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मोठा भूकंप झाला. हासोरच्या उत्खननात कललेल्या भिंती सापडल्या, त्या अभ्यासक याच भूकंपाशी जोडतात. इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमारास अश्शूरनं शोमरोन घेतलं आणि ते राज्य संपलं. आमोसचं खरं ठरलं, असं म्हणून त्याला शाबासकी द्यायला माझं मन धजत नाही. कारण त्याच्या पुस्तकातली एक जागा मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्याला टोळधाडीचं दर्शन होतं, मग आगीचं. आणि दोन्ही वेळा हा कडक माणूस काकुळतीला येतो, देवाला थांब म्हणतो, याकोब, म्हणजे इस्राएल, लहान आहे, तो कसा टिकेल, असं विचारतो. आणि दोन्ही वेळा देव थांबतो. ज्यांची लक्तरं त्यानं वेशीवर टांगली, त्यांच्यासाठी तो रदबदलीही करत होता. हे नसतं, तर तो मला नुसता कटकट्या वाटला असता.

आश्वासन म्हणून त्याच्याकडं फार थोडं आहे. वाईटाचा द्वेष करा, चांगल्यावर प्रेम करा, वेशीतल्या न्यायसभेत न्याय उभा करा. मग कदाचित देव दया करील. या 'कदाचित'वर माझा विश्वास बसतो. सौदा करून धर्म पाळणाऱ्याला तो पुरत नाही, त्याला पावती हवी असते. आमोस पावती देत नाही. तो वजनं तपासायला सांगतो, गहाणाचं वस्त्र आज संध्याकाळच्या आत परत करायला सांगतो, आणि फळ मिळो न मिळो, हे करायचंच असतं असं धरून चालतो.