चेहरा ज्याचा त्याने द्यावा

1933 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका रेडिओ केंद्राने 'लोन रेंजर' नावाचा नायक जन्माला घातला. घोड्यावरून फिरायचा, गुंडांचा बंदोबस्त करायचा आणि कुणी ओळखू नये म्हणून चेहऱ्यावर काळा मुखवटा लावायचा. आता जरा विचार करा. रेडिओवर मुखवटा! जिथे त्याचं नाकसुद्धा कुणाला दिसणार नव्हतं, तिथे तो बिचारा तोंड झाकून फिरत होता.

याच्याही पुढची मजा म्हणजे 'द शॅडो'. हा नायक समोरच्याच्या मनावर असा काही पडदा टाकायचा की तो दिसेनासाच व्हायचा. रेडिओवर अदृश्य होणं याहून सोपं काम जगात नसेल. आणि 1937 पासून एडगर बर्गन नावाचा शब्दभ्रमकार आपल्या बाहुल्याला घेऊन अमेरिकन रेडिओ गाजवत होता. आपले रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन रेडिओवर बसले, असं समजा. ओठ हलले की नाही, हे बघणार कोण?

मी या बिनचेहऱ्याच्या मंडळींचा जुना चाहता आहे. आणि मला वाटतं, ही थट्टा बाजूला ठेवली तर त्यांची खरी ताकद इथेच होती. त्यांना चेहरा नव्हता. तो आपल्याला द्यावा लागायचा.

आमचं मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं. नाशिककडचं नाही. हे आम्हाला जन्मभर सांगत बसावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकतो. मी लहान होतो तेव्हा वाशिम जिल्हाही नव्हता. तो 1998 साली झाला. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. घरात एकच रेडिओ होता, त्याला खाकी चामड्याचं कव्हर होतं, आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त आबाजींना होता. सेल उतरले की ते उन्हात ठेवून आणखी दोन दिवस ओढायचे. त्या दोन दिवसांत सगळ्या नायकांचे आवाज बसलेले असायचे.

आमचा मोठा नायक म्हणजे विविध भारतीवरचा 'इन्स्पेक्टर ईगल'. हिंदी मालिका, विनोद शर्मांचा आवाज, आणि पंधरावीस मिनिटांत गुन्हेगार पकडायची हमी. त्याचं ते भारदस्त नाव आलं कुठून, हे मला फार उशिरा उमगलं. कार्यक्रम ईगल थर्मासवाल्यांनी प्रायोजित केला होता! म्हणजे ज्याच्या नुसत्या आवाजाने चोरांना घाम फुटायचा, तो आमचा शूर इन्स्पेक्टर मुळात चहा गरम ठेवणाऱ्या बाटलीचा नातेवाईक. आमच्या घरी थर्मास नव्हता. चहा झाला की तो तिथल्या तिथे संपायचा.

पण तो दिसायचा कसा, यावरून घरात भांडणं व्हायची. माझा ईगल उंच, सावळा, आमच्या गाडीवरच्या एसटी कंडक्टरसारखा होता. कारण तो कंडक्टर बिनतिकिटाच्या माणसाला नुसतं बघून ओळखायचा. थोरल्या भावाचा ईगल म्हणजे आखाड्यातला पहिलवान. आईचं मत एकदम वेगळं. ती म्हणायची, "तो दवाखान्यातल्या कंपाउंडरवानी असन. पाह्य ना, समोरच्याचं सारं आयकून घेते." ईगल बोलायचा हिंदीत, पण आमच्या डोक्यात तो पक्का वऱ्हाडी होता. अशा हिशेबाने गावात जेवढे रेडिओ होते, त्याच्या चौपट इन्स्पेक्टर ईगल असतील.

चेहरा दिसायला लागला की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतच आहे. 'गनस्मोक' ही गावच्या मार्शलची गोष्ट 1952 साली रेडिओवर सुरू झाली. त्यातल्या मॅट डिलनला विल्यम कॉनरॅडचा खर्जातला दमदार आवाज होता. 1955 मध्ये हीच मालिका टीव्हीवर आली तेव्हा भूमिका मिळाली उंचापुऱ्या जेम्स आर्नेसला. कॉनरॅड अंगाने जाडजूड होता. रेडिओवर मात्र 1961 पर्यंत मार्शल तोच राहिला. कानांनी त्याचं वजन कधी मोजलंच नव्हतं.

आता आमच्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्या लग्नानंतर चार वर्षांनी माहेरी परत आली, ती कायमची. काय झालं होतं ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. एवढंच कळायचं की दर दिवाळीला आबाजी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायचे आणि तिच्या सासरचं कुणी यायचं नाही. ना नवरा, ना दीर, ना साधी चिठ्ठी.

दिवस मावळला की मुंबई केंद्र आमच्याकडे लागायचं. मीडियम वेव्हच्या लहरी सूर्यास्तानंतर वरच्या हवेच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब जातात, हे शास्त्र नंतर कळलं. तेव्हा फक्त खरखर कळायची. त्या खरखरीतून 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका ऐकू यायची. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. पंतांच्या घरी हे भावजी येणार, गप्पा ठोकणार, सगळ्यात नाक खुपसणार आणि जीवही लावणार. अख्ख्या महाराष्ट्राने या माणसाला आपल्या घरात घेतलं होतं. आमच्याकडे तर त्यांच्या आडनावामुळे ठाम समजूत होती की माणूस मूळचा विदर्भातलाच.

आत्या एरवी रेडिओकडे फिरकायची नाही. पण टेकाडे भावजींचा आवाज आला की हातातलं काम तसंच घेऊन उंबऱ्याशी येऊन बसायची. कधी त्यांना उत्तरही द्यायची. "या, बसा. लय दिवसांनं आले." आम्ही पोट्टे फिदीफिदी हसायचो. आई डोळे वटारायची. सासरच्या नात्याने जिच्या दारात कुणी आलं नाही, तिच्याकडे हे एकच भावजी नेमाने येत होते, हे आईला तेव्हाच कळलं असावं.

पुढे कितीतरी वर्षांनी, माझ्या पुतण्याने फोनवर जुन्या कलाकारांची माहिती शोधता शोधता आत्याला विचारलं, "आत्याआजी, तुह्या टेकाडे भावजीचा फोटो सापडते काय पाहू?" आत्या तेव्हा पंच्याहत्तरीला आली होती. तिने त्याचा हात हलकेच बाजूला सारला. "राहू दे रे बाप्पा. माह्यापाशी हाय त्याहीचा चेहरा." कसा आहे, असं त्याने खोदून विचारल्यावर म्हणाली, "पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. दारात आले का आधी पाणी मांगतेत." मग ती उठून आत गेली. तिचा आग्रह मोडून कुणी फोटो शोधला नाही.

हाच पुतण्या आता समृद्धी महामार्गाने नागपूरला जाता-येता कानात इअरफोन घालून गोष्टी ऐकतो. गोष्टी चांगल्या असतात, मीही ऐकतो. पण प्रत्येकीला पोस्टर असतं. नायक कसा दिसतो, असं विचारलं की तो मला पोस्टर दाखवतो. म्हणजे चेहरा आयता मिळतो, त्यासाठी गावातून कुणाला उचलून आणावं लागत नाही. मला तेवढंच चुकल्यासारखं वाटतं. कारण त्या उचलून आणण्यातच आम्ही आमचे कंडक्टर, कंपाउंडर आणि पहिलवान नीट बघायला शिकलो होतो.

यावर उपाय फार सोपा आहे. आकाशवाणीच्या ॲपवर विविध भारती लागते. एखादी श्रुतिका सापडली तर लावा आणि फोन पालथा ठेवा. दहा मिनिटांत तुमच्या गल्लीतलं कुणीतरी त्या आवाजात येऊन बसेल. फक्त कोण आलं, ते त्या माणसाला सांगू नका. शेवटी तो खुनी निघाला तर उगाच पंचाईत व्हायची.