आई आजारी पडली म्हणजे

घरांत तान्ह्या मुलाची आई आजारी पडली म्हणजे वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून पहिली आज्ञा निघते ती ही कीं, "मूल तिच्यापासून दूर न्या." या आज्ञेंत माया असते, काळजी असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिच्या पायीं आमच्याच घरांत एकदां काय घडलें, आणि पुढें तीच आज्ञा कशी मोडली गेली, तें वाचकांपुढें ठेवावें असें फार दिवसांपासून मनांत आहे.

सन १९८६ च्या पावसाळ्यांत, सांताक्रूझच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सौभाग्यवतींना विषमज्वर झाला. चिरंजीव तेव्हां चार महिन्यांचे होते. आमच्या मातोश्रींनीं मूल उचलून बाहेरच्या खोलींत नेलें. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. तेव्हां शास्त्राधार देण्याचें काम अर्थातच आमचें. ज्वर आलेल्या स्त्रीचें स्तन्य बालकास पाजूं नये, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. तें आम्हीं मोठ्या विद्वत्तेनें सर्वांस ऐकविलें. झालें! मूल बाटलीच्या दुधावर गेलें. भिंतीपलीकडे तें रडूं लागलें कीं आंत सौभाग्यवतींचें पातळ दुधानें भिजून जाई. "एकदां तरी माझ्याजवळ द्या हो," असें त्या म्हणत. आणि "त्याच्याच भल्यासाठीं चाललें आहे," असें आम्ही दाराबाहेरूनच उत्तर देत असूं.

तिसऱ्या आठवड्यांत ताप उतरला, पण तोंवर दूध आटलें होतें. मुलाला बाटलीच्या दुधानें जुलाब सुरू झाले, आणि पुढें महिनाभर त्याचें वजन वाढेना. यांत दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. पाजावें कीं न पाजावें, हा प्रश्न आम्हीं डॉक्टरांना विचारलाच नव्हता! पुष्कळ वर्षांनीं तोच अध्याय पुन्हां वाचतांना ध्यानांत आलें कीं, क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनीं स्तन्याचा नाश होतो, हेंही सुश्रुताचार्यांनीं तेथेंच सांगून ठेवलें आहे. आम्हीं सोयीचें तेवढें वचन उचललें होतें.

सन २०२० च्या जून महिन्यांत, मुंबईंत करोनाचा कहर चालू असतां, आमच्या सूनबाईला ताप आला. तपासणींत करोनाच निघाला. नातू पांच महिन्यांचा. आमच्या ओठांवर तीच जुनी आज्ञा आली होती, पण सौभाग्यवती खोलीच्या दाराशीं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मूल आईजवळच राहील. आधीं डॉक्टरांना विचारा." या वेळीं विचारलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे: आईनें साबणानें हात धुवावे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, आणि मुलाला खुशाल पाजावें. रोगाशीं झुंजतांना आईच्या शरीरांत जीं प्रतिपिंडें तयार होतात, तीं दुधावाटे बाळाला पोंचतात. बाळाचा आईशीं संपर्क तर ताप येण्यापूर्वींच झालेला असतो. मूल तोडल्यानें त्याचें संरक्षण मात्र जातें. सर्दी, मलेरिया, डेंग्यू अशा बहुतेक दुखण्यांत, आणि योग्य औषध चालू असेल तर विषमज्वरांतही, आईनें पाजण्यास हरकत नसते. हें शेवटचें वाक्य ऐकतांना आम्हीं सौभाग्यवतींकडे पाहिलें नाहीं.

मग आमच्याकडे काम काय उरलें? मूल सोडून बाकी सारें! मऊ भात, वरण, गरम पाण्याचा तांब्या वेळच्या वेळीं उंबरठ्यावर ठेवणें सौभाग्यवतींकडे. रात्रीं मुखपट्टी बांधून मुलाला सूनबाईच्या कुशींत देणें आणि पाजून झाल्यावर खांद्यावर घेणें चिरंजीवांकडे. आणि लंगोट धुणें आमच्याकडे. "बाबा, तुम्हीं हें करणें बरें दिसत नाहीं," असें सूनबाई आंतून म्हणाली. स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "धुवूं दे त्यांना. चौतीस वर्षांची बाकी आहे." सहाव्या दिवशीं ताप गेला. दूध कांहीं आटलें नाहीं.

आई खरोखरच पाजूं शकत नाहीं, असेही प्रसंग येतात. कधीं ती अतिदक्षता विभागांत असते, कधीं तिला कर्करोगावरचीं औषधें चालू असतात. तेथें निर्णय डॉक्टरांनींच करावा. अशा बालकांसाठीं शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियांतील ती पहिलीच. इतर मातांनीं दिलेलें दूध तेथें तपासून, उष्णतेनें निर्जंतुक करून, मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या व अशक्त अर्भकांना देतात. आमच्या मुलाच्या वेळीं ही सोय नव्हती, हें खरें. पण तिची गरज तरी कोठें होती? त्याची आई भिंतीपलीकडेच होती.

आमच्यासारख्या भरल्या घरांत माणसांचा तोटा नसतो. तेव्हां वाचकांस एवढेंच विनवितों: आई आजारी पडली म्हणजे तिच्या कुशींतलें मूल उचलण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारा, आणि त्यांचें उत्तर येईपर्यंत तिच्या अंगावरचीं बाकीचीं कामें उचला. कोणतें काम कोणाला शोभतें, हा विचार ती बरी झाल्यावर सावकाश करतां येईल.