पट्टी काढल्यावर

सिगारवरची कागदी पट्टी काढली की ब्रँड गेला. उरतात बोटं आणि जीभ. मित्राने असे तीन सिगार पुढ्यात ठेवले, तेव्हा मी आधी दाबून पाहिले. (सवय आजीची. ती सोलापुरात विड्या वळायची.) एक मध्येच पोचट, आत भरण कमी, तो वाकडा जळला. दुसरा इतका घट्ट की धूरच येईना. तिसऱ्याची राख पेराएवढी झाली तरी गळेना, कारण आत चुरा नव्हता, लांब पानं होती. कोको, चामडं वगैरे चवी मला काही लागल्या नाहीत. पोचट होता तोच सगळ्यांत महाग, क्युबाचा.

आजीच्या विड्याही कारखान्यात अशाच दाबून, बघून घेत. मजुरी हजारामागे. बाद विडीचे पैसे कापत, आणि ती विडी परतही देत नसत.