मांजरांची वहिवाट

नेपरव्हिल, इलिनॉय
एप्रिल अखेर

चि. सौ. ताई हीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. एडिसनच्या घरामागील तांबड्या मातीत जावईबापूंनी एवढ्या हौसेने वाफे काढले, ओक ट्री रोडवरून मेथी-धने आणून पेरले, आणि अंकुर वर येण्यापूर्वीच शेजारची मांजरे त्या वाफ्यांचा शौचकूप म्हणून उपयोग करू लागली, हे वाचून मला तुझ्याविषयी सहानुभूती वाटली. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस, येत्या शनिवारी वाफ्यांभोवती डांबराच्या गोळ्या आणि तिखटाची पूड पसरण्याचा जो बेत तू कळविला आहेस, तो वाचल्यावर सहानुभूती बाजूस ठेवून तातडीने कागद पुढे ओढावा लागला. तो बेत रद्द समजावा.

डांबराच्या गोळ्या आपल्याकडे इतक्या घरगुती की त्यांत काही वावगे असेल अशी शंकाही येत नाही. परंतु या देशाच्या दृष्टीने ते नॅप्थलीन म्हणजे रीतसर नोंदलेले कीटकनाशक आहे, आणि कीटकनाशकाच्या वेष्टनावरील मजकूर ही येथे दुकानदाराची शिफारस नसून कायद्याचे बळ असलेली आज्ञा आहे. घट्ट बंद पेटीत कपड्यांबरोबर ठेवणे, एवढीच मुभा त्या मजकुरात दिलेली असल्यामुळे, उघड्या अंगणात त्या पसरणे हा केंद्र सरकारच्या कायद्याचा भंग ठरतो. कायदा बाजूस ठेवला तरी त्यांचे विष मातीत उतरते, वाफ हवेत जाते आणि शेजारचे एखादे मूल पेपरमिंट समजून गोळी तोंडात टाकते. तिखटाची गोष्ट याहून निर्दय. मांजर पंजे जिभेने पुसते आणि पुसलेल्या पंजाने तोंड धुते, त्यामुळे तुझी पूड प्रथम तिच्या जिभेला आणि मग डोळ्यांना लागणार. मांजर मारल्यास काशीस सोन्याचे मांजर दान करावे लागते, अशी जी समजूत आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बायका सांगत, तिचा धाक मी तुला घालीत नाही. सोन्याचा आजचा भाव पाहता तो धाक पुरेसा आहे, हे मात्र खरे.

तू विचारतेस की या मांजरांविरुद्ध सरकारदरबारी फिर्याद करता येत नाही काय. या प्रश्नाला आमच्या इलिनॉय राज्याचा एक नामांकित इतिहास आहे, आणि येथे अर्धी हयात घालविलेल्या माणसाने तो सांगितल्याशिवाय राहू नये. १९४९ साली येथील विधिमंडळाने, कीटकभक्षी पक्ष्यांच्या संरक्षणार्थ मांजरांना आवर घालण्याचा एक मसुदा दोन्ही सभागृहांतून संमत करून गव्हर्नरांच्या सहीसाठी पाठविला. त्यातील तजवीज अशी, की आपले मांजर हद्दीबाहेर मोकळे सोडणाऱ्या मालकास दंड व्हावा, असे मोकाट मांजर कोणाही नागरिकाने धरावे किंवा पोलिसांस बोलावून अटकेत घालावे, आणि त्यासाठी सापळे लावण्यासही हरकत नसावी. गव्हर्नर होते अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन, जे पुढे १९५२ आणि १९५६ या दोन्ही अध्यक्षीय निवडणुकांत आयझेनहॉवरांकडून पराभूत झाले. त्यांनी २३ एप्रिल १९४९ रोजी हा मसुदा सही न करता परत केला, आणि परत करताना सेनेटला जो खलिता धाडला तो आजही लोक कौतुकाने वाचतात. शेजाऱ्याच्या अंगणात गेलेले किंवा रस्ता ओलांडणारे मांजर म्हणजे सार्वजनिक उपद्रव, असे राज्याचे धोरण म्हणून जाहीर करण्यास त्यांची तयारी नव्हती. सोबतीशिवाय थोडेफार भटकणे हा मांजराचा स्वभाव असून त्याला दोरीला बांधून फिरविणे हे त्याच्या प्रकृतीला मानवणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खेड्यापाड्यांत उंदरांचा बंदोबस्त मांजरेच करतात, पोलिसांना आहेत ती कामे पुरेशी आहेत, आणि मांजर व पक्षी यांच्या सनातन तंट्यात सरकारने एकदा पक्ष घेतला की उद्या कुत्रे विरुद्ध मांजर, पक्षी विरुद्ध पक्षी, फार काय, पक्षी विरुद्ध कृमी, अशा फिर्यादीही दफ्तरी येऊ लागतील, हेही त्यांनी गंभीर मुद्रेने बजावले.

त्या खलित्याची शैली मोहक आहे हे मान्य करूनही, पक्षिमित्रांची बाजू स्टीव्हन्सनसाहेबांनी जरा अधिकच सहज हसण्यावारी नेली असे माझे मत आहे. स्मिथसोनियनच्या व वन्यजीव खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे या देशात मांजरे वर्षाकाठी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, आणि त्यांतील मोठा वाटा बेवारशी मांजरांचा आहे. परंतु या आकड्यांनी संतापलेली माणसे कोणत्या टोकाला जातात हेही आमच्या शेजारच्या विस्कॉन्सिनने २००५ साली दाखविले. तेथील वार्षिक जाहीर सभांतून, मोकाट मांजरांची शिकार करू द्यावी काय, असा प्रश्न मतास टाकण्यात आला, आणि त्याच्या बाजूने ६,८३० व विरुद्ध ५,२०१ मते पडली! त्या सभांचे मत केवळ सल्ल्यापुरते असल्यामुळे आणि गव्हर्नर डॉयल यांनी विरोध केल्यामुळे प्रकरण तेथेच मिटले. इंग्लंडातही १९२६ साली, एका मांजराने शेजाऱ्याची कबुतरे व कोंबड्या मारल्याच्या दाव्यात, अपील कोर्टाने मालकास जबाबदार धरण्याचे नाकारलेले आहे. इकडे गावोगावचे नियम निरनिराळे आहेत, तेव्हा तुमच्या टाउनशिपच्या कचेरीत चौकशी अवश्य कर. पण कुंपणाच्या माथ्यावरून जाणाऱ्या वाटेवर मांजराने आपली वहिवाट कायम केली, की ती मोडून काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही कचेरीच्या हुकमात नसते, एवढे ध्यानात असू दे.

मग उपाय कोणता? येथे मांजराच्या दृष्टीने एकदा विचार कर. तुझ्या शेजारणीची हिरवळ घट्ट, रस्ता डांबरी, अंगण फरसबंद. आणि या सगळ्या मुलखात पंजांनी सहज उकरता येईल, विष्ठा झाकता येईल अशी भुसभुशीत, बारीक, कोरडी माती एकाच ठिकाणी सापडते, ती म्हणजे जावईबापूंनी खुरप्याने रवाळ केलेला मेथीचा वाफा. म्हणजे मांजर तुमच्या द्वेषाने येत नाही, तुमच्या मेहनतीची कदर करून येते. तेव्हा मांजराला शासन करण्याच्या खटपटीत न पडता त्या मातीचा मोह तेवढा नाहीसा करावा. जिला कुक्कुटपालनाची जाळी म्हणतात, त्या इंचभर छिद्रांच्या तारेच्या जाळीचा गुंडाळा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ती वाफ्यावर आडवी अंथरून, कडा खाली वळवून, वर अर्धा इंच माती लोटावी. मेथी आणि कोथिंबीर त्या छिद्रांतून सुखाने वर येतात, पण उकरू पाहणाऱ्या पंजाला तार लागताच मांजर पुढच्या अंगणाचा विचार करू लागते. या व्यवस्थेत मेथीची जुडी मुळासकट उपटता येत नाही, कात्रीने खुडावी लागते. पण खुडलेली मेथी पुन्हा फुटते, हा फायदाच. जाळी येईपर्यंत वाफा सकाळ-संध्याकाळ ओला ठेव, कारण ओल्या मातीत पाय घालणे मांजराला आवडत नाही, आणि रोपांच्या मधल्या जागेत छाटलेल्या काटक्या दाटीने उभ्या रोव.

त्याचबरोबर अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात, शक्य तर मांजरे ज्या बाजूने येतात त्याच बाजूला, कोरड्या वाळूचा एक ढीग करून द्यावा. हे ऐकून जावईबापू हसतील. त्यांना हसू दे. जिथे घाण झाली असेल तेथील माती खोल उचलून टाकावी, नाहीतर तो वास पुढच्या खेपेचे आमंत्रण ठरतो. याउपर मांजरे ऐकेनात, तर उष्ण प्राण्याची हालचाल टिपून पाण्याची पिचकारी सोडणारे यंत्र मिळते, त्याने कोणाचेही अंग भिजण्यापलीकडे नुकसान होत नाही. मात्र तुझ्या सासूबाई मुक्कामास असतील तेव्हा पहाटे तुळशीला पाणी घालायला त्या बाहेर पडण्यापूर्वी त्याचे बटण बंद करण्याची खबरदारी घ्यावी. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीची जी यंत्रे विकतात, त्यांची ब्रिटनच्या पक्षिसंरक्षण संस्थेने चाचणी घेतली तेव्हा मांजरांच्या खेपा घटल्या, थांबल्या नाहीत. मांजरे पळविणारी म्हणून कोलियसची एक जात विकतात, ती आपल्या पानओव्याचीच नातलग. लावायची असेल तर हौसेने लाव, भिस्त ठेवू नकोस. कॉफीचा चोथाही टाकू नकोस, तो पोटात गेला तर जनावराला बाधतो.

आता जे लिहितो ते जरा लक्षपूर्वक वाच, कारण सध्या तुला दिवस आहेत. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचे सूक्ष्म कोश मातीत उतरू शकतात. मांजर बाधित झाल्यावर सामान्यतः काही आठवडेच ते टाकते, आणि ताज्या विष्ठेतील कोश एक ते पाच दिवसांनंतरच बाधक होतात. पण एकदा झाले की ओलसर मातीत वर्षभरही तग धरतात. ही बाधा बहुतेकांना जाणवतही नाही, गरोदर स्त्रीच्या गर्भाला मात्र ती अपाय करू शकते. इकडचे डॉक्टर या संदर्भात अर्धेकच्चे मांस वर्ज्य करण्यास सांगतात. ते आपल्या घरी शिजतच नाही, त्यामुळे तुझ्या बाबतीत माती आणि न धुतलेली पालेभाजी हेच मार्ग विशेष सांभाळावयाचे. वाफ्यातील घाण जावईबापूंनी काढावी. तू मातीत हात घालणारच असशील, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तर हातमोजे घालून घाल, आणि भाजी खळखळून धू. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावरही हे घाल. घाबरून जाण्याचे मात्र काही कारण नाही. तुझी आई बाळंतपणाला येईल तेव्हा सटवाईची पूजा करणारच, आणि षष्ठीचे वाहन मांजर असल्याचे ती तुला सांगितल्याखेरीज राहणार नाही. तिच्यासमोर मांजरांना फार बोल लावू नकोस.

शेवटचा उपाय खरे तर पहिला करावयाचा. शेजारणीकडे जा, हातात डबा असू दे, आणि मांजरे तिचीच आहेत काय हे विचार. डाव्या कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर ते मांजर बेवारशी असले तरी त्याची नसबंदी झालेली आहे, असे समजावे. धरायचे, शस्त्रक्रिया करायची आणि होते तेथेच सोडायचे, अशी ही रीत आहे, आणि अ‍ॅली कॅट अलाइज या संस्थेने १९९० पासून ती देशभर रुजविली आहे. पक्षिमित्रांना ही रीत पसंत नाही, कारण सोडलेले मांजर शिकार करीतच राहते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण नसबंदीनंतर बोक्यांचे भांडण आणि उग्र मूत्र फवारणे पुष्कळ कमी होते, आणि पिले होत नाहीत, एवढा लाभ तुझ्या अंगणाच्या पदरी निश्चित पडतो. कान अखंड असेल आणि मालकही निघाला नाही, तर जवळच्या प्राणिनिवाऱ्यात चौकशी कर; पुष्कळ ठिकाणी अल्प खर्चात हे काम होते.

ता. क. मध्ये तू हरणांविषयी विचारले आहेस. ते प्रकरण निराळे असून जाळी, पिचकारी आणि डबा यांपैकी कशानेही मिटण्यासारखे नाही. हरणाला आठ फुटी कुंपण लागते, आणि तुमची टाउनशिप घरामागे तेवढ्या उंचीची परवानगी देते की नाही, हे जावईबापूंनी त्याच खेपेत कचेरीतून विचारून यावे.

तुझा,
मामा