सर्वोत्तम मैदानांचे शहर कोणते? जागेचा एक हिशेब

१/ क्रीडारसिकांच्या गप्पांत एक प्रश्न वारंवार निघतो: सर्व खेळांसाठी उत्तम मैदाने असलेले शहर कोणते? मग आसनसंख्या, छप्पर, प्रकाशझोत यांची तुलना सुरू होते. मी शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचा. ‘स्टेडियम’ हा शब्द आम्ही रेडिओवरच्या समालोचनातून शिकलो. त्यामुळे असेल, पण महाराष्ट्रातील मैदाने जोखताना मला आधी एकच गोष्ट विचारावीशी वाटते. तिथे जागा कोणाला मिळाली?

२/ संख्येने पाहिले तर मुंबईला तोड नाही. चर्चगेट स्थानकाच्या परिसरात, पायी फिरता येईल एवढ्या टापूत, ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने, ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही क्रिकेटची दोन स्टेडियमे, हॉकीचे स्टेडियम आणि फुटबॉलचे कूपरेज आहे. महालक्ष्मीला १८८३ पासूनचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, दादरला शिवाजी पार्क, खाडीपलीकडे नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम. एवढी विविधता राज्यात अन्यत्र नाही.

३/ पण हाकेच्या अंतरावर क्रिकेटची दोन स्टेडियमे कशासाठी? समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबॉर्न उभारले. १९३६ मध्ये पायाभरणी झाली आणि डिसेंबर १९३७ मध्ये उद्घाटन. मुंबईची प्रसिद्ध पंचरंगी स्पर्धा त्याच वर्षी तेथे आली. तिचे संघच मुळी धर्मावर आधारलेले होते. नव्या स्टेडियममधील आसनांच्या वाटपावरून वाद पेटला आणि हिंदू संघाने त्या वर्षी स्पर्धेतून माघार घेतली. पहिल्याच हंगामात भांडण झाले ते जागेवरून.

४/ पुढे कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या वाट्यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात वितुष्ट आले. स्टेडियम क्लबाचे, सामने भरवणार संघटना, मग आसने किती कोणाची? तोडगा निघेना, तेव्हा शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने स्वतःचे स्टेडियम बांधायला घेतले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. २ एप्रिल २०११ रोजी भारताने जेथे विश्वचषक जिंकला, त्या वास्तूचा पाया असा तिकिटांच्या तंट्यात आहे.

५/ आता पुणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील युरोपीय मंडळींच्या क्लबात पळवणकर बाळू नावाचा एक तरुण खेळपट्टी लाटायचा, जाळे बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. जातीने तो अस्पृश्य मानला गेलेला. त्याची डावखुरी फिरकी पाहून हिंदूंच्या संघाने त्याला घेतले. मैदानात सर्वांनी एकच चेंडू हाताळला; चहापानाला मात्र त्याचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. बाळूला खेळात जागा होती, पंगतीत नव्हती.

६/ त्याच पुण्याच्या पश्चिमेस बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. धावपट्टी, जलतरण तलाव, कुस्ती, नेमबाजी, बॅडमिंटन, सारे एका आवारात. २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ‘सर्वांगीण’ हे विशेषण आपल्याकडे कोणत्या एका आवाराला लावायचे, तर ते बालेवाडीला शोभते. मात्र आमच्या भागातील मुलाला किंवा मुलीला रोज पहाटे तेथे सरावाला जाणे शक्य नाही. एस.टी.च्या वेळा आणि घरातली कामे यांपुढे ते संकुल जिल्ह्यात असूनही परगावचेच राहते.

७/ कोल्हापूरची गोष्ट निराळी. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि तशा धर्तीचे कुस्तीचे मैदान करवीरात व्हावे, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध लाल मातीचा हौद आणि सभोवती बशीसारखी चढत गेलेली जमीन. शेवटच्या रांगेतील माणसालाही पुढच्याच्या पागोट्याचा अडथळा न होता डाव दिसावा, अशी ही योजना.

८/ तारखांचा योग पाहा. महाराज विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर दरबाराचा हुकूम प्रसिद्ध झाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना. एकाच प्रवासाच्या काळात कचेरीतील जागांचा हुकूम निघाला आणि आखाड्याभोवतीच्या जागांची कल्पना सुचली. दोहोंचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण दृष्टी एकाच माणसाची आहे.

९/ खासबागेचे रूप आमच्यासारख्या गावकऱ्यांना परके वाटत नाही. यात्रेतील कुस्त्यांच्या हगाम्याला असेच कडे पडते. पुढचे मांडी घालून बसतात, मागचे उभे राहतात, त्यांच्या मागचे ट्रॉलीवर चढतात. रेवड्यांवरच्या चिमुकल्या कुस्त्यांपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत तिकीट नावाची वस्तू नसते. तरीही हे कडे पुरते नव्हते. माझ्या लहानपणी स्त्रिया हगामा लांबून, ओट्यावरून पाहत. आता अनेक गावांत मुलींच्या कुस्त्या लागतात, तेव्हा त्या कड्यात आयाही पुढे येऊन बसतात.

१०/ आमच्या पट्ट्यातील दुसरे प्रेक्षागार म्हणजे बैलगाड्यांचा घाट. चढाची धाव, दोन्ही अंगांना माणसे आणि सेकंदावर ठरणारी बारी. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षे बैलांना होणाऱ्या यातनांचा प्रश्न गावांनाही टाळता आला नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वाट्याला मैदानात काय येते, हाही जागेच्या हिशेबातलाच प्रश्न.

११/ मग सर्वोत्तम शहर कोणते? मोजदाद करायची तर मुंबई, एका आवारातील सोयी पाहायच्या तर पुणे. माझे मत कोल्हापूरला आहे. खासबागेत मांडणीच अशी आहे की मागे बसलेला माणूस वगळला जात नाही. पण हे मत प्रेक्षकाचे झाले. खेळणाऱ्याचा विचार केला, तर पुढचे पाऊल तालुक्यातच पडायला हवे: पाऊस पडला तरी वापरता येईल असा आखाडा, मोजून आखलेली धावपट्टी आणि दिवेलागणीनंतर मुलींना निर्धास्त घरी जाता येईल असा रस्ता. याला वानखेडेएवढा खर्च लागत नाही. तुमच्या तालुक्यात यांतले काय आहे, ते जरूर सांगा.