सात दिवसांची सावली

नवरात्र बसले की आमच्या दिघीत दोन प्रकारची उटणी येऊ लागतात. एक बोर्ली पंचतनच्या दुकानांतून, कागदी पुडीत बांधलेले. आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, त्यांचा तो ओळखीचा वास. दुसरे येते वर्तमानपत्राच्या घडीतून आणि हल्ली मोबाईलच्या पडद्यावरून. 'दिवाळीनिमित्त केमिकल पील, तीन बैठकांवर खास सवलत.' शेजारी एका तरुणीचा अर्धा चेहरा काळवंडलेला आणि अर्धा चांदण्यासारखा. पहिल्या उटण्याने मळ जातो, दुसऱ्याने कातडीचा वरचा पापुद्राच जातो. पहाटेच्या अभ्यंगाला आजी जेव्हा खरखरीत हाताने पाठ घाशी, तेव्हा 'साल निघाली ग माझी!' म्हणून घरोघरची पोरे ओरडत. त्याच सालीसाठी आता लोक पैसे मोजून नंबर लावतात.

मीही लावला. गेल्या वर्षीची गोष्ट. धाकट्याच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांग उठले. डॉक्टर म्हणाले होते, बाळंतपणानंतर जाईल. बाळ सातवीत गेले, वांग गालावरच राहिले. आमच्या वैद्यकात यालाच व्यंग म्हणतात आणि सुश्रुताने त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. कारणे दिली आहेत क्रोध आणि आयास! शाळामास्तरणीला ही दोन्ही कारणे पगाराबरोबरच मिळतात. आजचे डॉक्टर त्यांत ऊन आणि स्त्रीच्या शरीरातले चढउतार यांची भर घालतात. उन्हाचा तर आमच्याकडे तोटाच नाही. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला राजपुरीची खाडी, आणि मध्ये प्रार्थनेसाठी रोज सकाळी मैदानात उभी असलेली मी.

वांग दुखत नाही, खाजत नाही. पण समोरचा माणूस बोलताना डोळ्यांकडे न बघता गालाकडे बघतो, आणि मग 'बाई, तुम्हांला बरे नाही का?' म्हणून विचारतो, हे बारा वर्षे ऐकून घ्यायला फार मोठे मन लागते. माझ्या कादंबऱ्यांतल्या नायिकांची कांती नितळ असते, कारण वाचकांना ती तशीच लागते. लिहिणारीच्या गालाचे कोण बघतो?

अलिबागला जायचे ठरले, तेव्हा माझ्याबरोबर आणखी एकजण निघाली. माझी जुनी विद्यार्थिनी. वय एकोणीस. घरचा धंदा मासळीचा. आई जेटीवर मासळी घेते आणि ही ती सुकवते, वलांडीवर बोंबील, खळ्यात जवळा. मुलगी मुळात सावळी, तजेलदार. आदल्या वर्षी तिला बघायला आलेल्यांनी निरोप पाठवला, 'मुलगी पसंत आहे, पण रंग...' ते टिंब टिंब तिच्या मनात जाऊन बसले. कुणा मैत्रिणीने एक ट्यूब दिली. दोन महिन्यांत पोर अशी उजळली, की आळीतल्या बायका तिच्या आईला विचारू लागल्या, 'हिला काय केशर पाजतेस?' पण मग उजळपणाखालून लाली आली, गालांवर तांबड्या रेघांचे जाळे दिसू लागले, ओठावर लव वाढली, पुटकुळ्या उठल्या. एक दिवस जरी ट्यूब लावली नाही, तरी तोंडाची आग आग होई. 'बाई, तुम्ही ते साल काढायचे करणार आहात ना, ते मलाही करायचे आहे,' ती म्हणाली. पैसे तिने साठवले होते.

आम्ही सकाळच्या फेरीबोटीने आगरदांड्याला उतरलो, मुरूडहून एस.टी. धरली आणि अकराच्या सुमारास दवाखान्यात जाऊन बसलो.

आता ही 'पील' म्हणजे काय ते सांगते. माझे रसायनशास्त्र मॅट्रिकपुरते. ॲसिडने निळा लिटमस तांबडा होतो, एवढ्यावर माझी मजल. पण डॉक्टरीणबाई सांगणाऱ्या होत्या. आपली कातडी खालून वर सतत नवी होत असते. खालची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. वरच्या मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात. सौम्य ॲसिडाने तो चिकटपणा सैल होतो आणि थर लवकर सुटतो. त्याबरोबर त्यात साठलेला रंगही थोडा जातो. ही ॲसिडे नावाने भयंकर वाटली, तरी त्यांची घराणी ओळखीची आहेत. ग्लायकोलिक उसात सापडते, लॅक्टिक आंबलेल्या दुधात, मँडेलिक कडू बदामात. दह्यात बेसन कालवून तोंडाला लावणाऱ्या आपल्या आज्या याच वाटेवर चार पावले चालल्या होत्या म्हणायच्या. (लिंबू मात्र तोंडाला चोळू नका, उन्हात त्याने कातडी भाजून काळे डाग उठतात.)

युरोपातले याचे शास्त्र दीडशे वर्षांकडे झुकले आहे. हँबुर्गच्या उना नावाच्या डॉक्टरने १८८२ साली सॅलिसिलिक ॲसिड आणि त्याच्या भावंडांचे कातडीवरचे गुण लिहून ठेवले. परंतु मला विशेष वाटले ते १९७४ सालच्या हकीगतीचे. व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी फळांतल्या आणि दुधातल्या या ॲसिडांवर निबंध लिहिला, तो सौंदर्यासाठी नव्हे. जन्मतःच ज्यांची कातडी खवल्याखवल्यांची असते, अशा रोग्यांसाठी ते औषध शोधत होते. त्या रोगाचे नाव इक्थिओसिस. ग्रीक भाषेत इक्थिस म्हणजे मासा. डॉक्टरीणबाई हे सांगत असताना मी शेजारच्या मुलीकडे पाहिले. जन्मभर खवले काढणाऱ्या हातांची ती पोर मन लावून ऐकत होती. माणसाच्या अंगावरचे खवले उतरवायला निघालेल्या औषधाने पुढे दिवाळीच्या जाहिराती भरल्या.

आधी माझा नंबर. पंधरा दिवस रात्री लावायचे मलम मी आधीच लावून आले होते. तोंड धुतले, स्पिरिटने पुसले, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलीन, डोळ्यांवर ओला कापूस. मग ब्रशाने ते पाण्यासारखे औषध कपाळापासून फिरवले. पहिला अर्धा मिनिट काहीच नाही. नंतर मुंग्या, आधी चार, मग वारूळ. परिचारिका हातपंख्याने वारा घालीत होती आणि डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघून सेकंद मोजीत होत्या. सारी मेख त्या घड्याळात आहे. तेच औषध थोडे अधिक तीव्र किंवा थोडा अधिक वेळ राहिले, तर आपल्या सावळ्या कातडीला भाजल्यासारखे होते आणि डाग जायच्या ऐवजी दुप्पट गडद होतो. तीन मिनिटांनी सोड्याच्या पाण्याने त्यांनी ॲसिड मारले. आग विझली, आणि मला वाटले, झाले.

'आता खरे काम तुमचे,' त्या म्हणाल्या. 'निदान सात दिवस ऊन नको. सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी. साल सुटेल ती नखाने ओढायची नाही. नवीन कातडी कोवळी असते. तिला ऊन लागले, तर पैसे गेले आणि डाग राहिले.'

मग त्यांनी त्या मुलीचे तोंड भिंगातून पाहिले आणि ट्यूब मागितली. पिशवीतून तिने ती काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी बारीक अक्षरे वाचली. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. हे औषध काही रोगांवर गुणी, पण गोरे व्हायला महिनोन्‌महिने लावले की कातडी कागदासारखी पातळ करते. सरकारने २०१८ साली अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती हातोहात फिरतातच. हिचे पील करायला त्यांनी साफ नकार दिला. 'आधी ही ट्यूब हळूहळू बंद. दोन-तीन महिने तोंड आणखी बिघडेल, घाबरायचे नाही. आणि ऊन टाळ.'

'ऊन टाळू म्हणजे काय करू?' तिने विचारले. विचारण्यात उद्धटपणा नव्हता. बोंबील सावलीत सुकत नाहीत.

परतताना फेरीबोटीवर मी छत्री उघडून, पदराने तोंड झाकून बसले. चारचे ऊन. उजव्या हाताला जंजिरा तापलेल्या तव्यासारखा दिसत होता. तेव्हा मला छत्रीची हद्द समजली. वरचे ऊन ती अडवते, पाण्यावरून उसळी मारून खालून येणारे ऊन ती काय अडवणार? माझ्या शेजारी ती मुलगी उघड्या तोंडाने बसली होती. मी छत्री तिच्यावर कलती केली, तर तिने हाताने सरळ केली. 'तुमची साल काढली आहे, बाई. माझी कुठे काढली?'

सात दिवस मी घरात काढले. तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूला आणि हनुवटीला उकडलेल्या बटाट्यासारखी साल सुटू लागली. आमचे हे म्हणाले, 'नाग पाळल्यासारखे वाटते.' शाळेला दिवाळीची सुटी, बाजारहाट थोरल्याने केला, अंगणातले सडा-रांगोळी जावेने. पीलचे अडीच हजार मी वहीत लिहिले. या सात दिवसांच्या सावलीची नोंद करायला मात्र वहीत रकाना नव्हता. ती सावली चार माणसांनी मिळून मला दिली होती, आणि पगारी सुटीने. खाडीकाठी राहणाऱ्या किती बायकांना ती कुणी देईल?

मुलीचे पुढे डॉक्टरांनी सांगितले तसेच झाले. मार्गशीर्षात तोंड लालबुंद, पुटकुळ्यांनी भरलेले. तिची आई भर जेटीवर मला म्हणाली, 'बाई, पोर बरी होती. तुम्ही नेलीत आणि बिघडली.' माघात दुसरे स्थळ बघायला यायचे होते. आदल्या रात्री आईने कुठूनशी नवी ट्यूब आणली. ती घेऊन मुलगी तशीच माझ्याकडे आली आणि ट्यूब माझ्या हातात देऊन म्हणाली, 'ठेवा तुमच्याजवळ. घरी राहिली तर मी लावीन.' पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, कळवतो म्हणाले, कळवले नाही.

पण ती टिकली. भाऊ बोटीचे जुने ताडपत्र घेऊन आला आणि खळ्याच्या कडेला चार बांबूंवर त्याचे छप्पर झाले. मासळी पसरायची पहाटे, उलटायची दिवस कलल्यावर, मधल्या वेळात छपराखाली निवडणे आणि भरणे. त्या सावलीत आता आणखी तिघीचौघी येऊन बसतात. पाडव्यापर्यंत तिच्या गालांची आग गेली. तांबड्या रेघा थोड्या राहिल्या आहेत, रंग मूळचा सावळा परत आला आहे.

मी आणखी दोन बैठका घेतल्या. डाग निम्मे फिकट झाले. मग वैशाखात पटनोंदणीसाठी घरोघर हिंडले आणि डावा गाल पुन्हा किंचित भरून आला. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितले होते. वांग मुक्कामाला असते, ते पाहुणे नव्हे. यंदा जायचे की नाही ते अजून ठरवले नाही. सनस्क्रीन मात्र चुकवीत नाही, आणि प्रार्थना आता वडाखाली होते. हेडमास्तरांना मी मुलांच्या डोळ्यांचे कारण सांगितले, तेही खोटे नाही.

ती ट्यूब माझ्या शाळेतल्या खणात पडली आहे, जप्त केलेल्या भोवऱ्यांच्या आणि शिट्ट्यांच्या शेजारी. परवा खडू काढायला खण उघडला, तर आठवीतल्या दोघीजणी मागे उभ्या होत्या. एकीने हळूच विचारले, 'बाई, हीच का ती? ताईने लावलेली? कुठे मिळते हो?' भूगोलाचा तास होता. मी नकाशा गुंडाळून ठेवला, दोघींना पहिल्या बाकावर बसवले आणि फळ्यावर कातडीचे चित्र काढायला घेतले. घंटा झाली, तेव्हा मी वरच्या थरापर्यंतच पोचले होते.