चालत्या गाडीचे प्लग

जानेवारीच्या शेवटी एका रात्री बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "गाडी चढाला जरा मिसिंग करतेय. सपाटीला काही नाही."

आमची गाडी म्हणजे सीएनजीवर चालणारा छोटा पिकअप. घर साखरप्याजवळ, आंबा घाटाच्या पायथ्याला. हापूसच्या दिवसांत बाबा आसपासच्या बागांमधल्या पेट्या भरतात आणि रात्री घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात पोचवतात. घर चालतं ते त्या अडीच-तीन महिन्यांवर. एरवी चिरा, सिमेंट, लग्नाच्या खुर्च्या, मिळेल ते भाडं.

मी शिकलो मेकॅनिकल, पण कॉलेज सुटल्यापासून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सहा वर्षांत हातात पाना धरलेला नाही. तरी हे लक्षण ओळखीचं होतं. प्रत्येक ठिणगीसरशी प्लगच्या दोन टोकांचा धातू कणाकणाने झिजतो आणि मधली फट वाढते. फट वाढली की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. भरलेली गाडी चढाला लागली की सिलिंडरमधला दाबही वाढतो, आणि दाबात ठिणगी पडणं आणखी अवघड. त्यातून गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून थकलेला प्लग सपाटीला निभावून नेतो आणि घाटात दगा देतो.

"प्लग कधी बदलले होते?"

"दोन वर्षं झाली. पण चालताहेत की अजून."

मी वैतागलो. साधे चार प्लग हजाराच्या आत येतात. ते वाचवायला जाऊन उद्या कॉइल जळली तर? भर घाटात गाडी बसली तर? बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागच्या वेळी बदलले तेव्हाच बसली होती."

ती गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. ऐन हंगामात, सकाळी प्लग बदलून घेतले आणि रात्री पेट्या भरून निघाले. आवळताना एका प्लगच्या चिनीमातीला बारीक तडा गेला होता, तो कोणाला दिसला नाही. अर्ध्या घाटात गाडी तीन सिलिंडरवर आली. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागल्या, त्या गाडीचं भाडं पदरचं गेलं, आणि बागवाल्याने पुढचा आठवडाभर माल दिला नाही. "चालत्या गाडीला हात लावला, म्हणून झालं ते," बाबा म्हणाले.

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण आमच्या टीममध्येही हाच नियम आहे: शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड चढवायचा नाही. कोड वाईट असतो म्हणून नाही, तर चूक निघाली तर शनिवारी ती बघायला कोणी नसतं म्हणून. बाबांचा नियम तोच होता. फक्त त्यांचा शुक्रवार दोन वर्षं लांबला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी घरी गेलो. इंजिन थंड असताना, सकाळीच गॅरेजला पोचलो; गरम हेडमधून प्लग काढायला गेलं तर आटे खराब होतात. मिस्त्रींनी सीट उचलली, चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले.

"बघा," ते म्हणाले, "काजळी नाही, तेल नाही. स्वच्छ आहेत. हा हंगाम जाईल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुण्याहून फीलर गेज घेऊन आलो होतो. गॅसवर प्लग स्वच्छच राहतो, कारण गॅस काजळी धरत नाही. त्यामुळे रंगावरून वय कळत नाही, फट मोजावी लागते. नव्या प्लगची फट होती 0.8 मिलिमीटर. जुन्या तिघांची 1.0 निघाली, चौथ्याची 1.1. मधल्या टोकाच्या धारदार कडा गोल झाल्या होत्या. मिस्त्रींनी गेज हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "बदलू या."

बाबा तरी गप्प होते. त्यांची भीती झिजलेल्या प्लगची नव्हतीच, नव्याची होती. ती खोटी ठरवण्याऐवजी मी म्हटलं, "आज बदलू. पेट्या भरायला अजून महिना आहे. तोवर चिऱ्याची भाडी घ्या, घाट दोनदा चढून बघा. काही चुकलं असेल तर ते आत्ता कळेल."

"आणि जुने टाकायचे नाहीत," बाबा म्हणाले.

मिस्त्रींनी प्रत्येक नवा प्लग आधी हाताने फिरवत बसवला आणि मग टॉर्क पान्याने आवळला. जुन्यातले दोन बरे प्लग ठोकून त्यांची फट पुन्हा 0.8 वर आणली. बाबांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले.

घरी आल्यावर त्यांनी गाडीची डायरी काढली. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले. "पुढचे कधी?" त्यांनी विचारलं. मी मनात आकडा जुळवत होतो. तेवढ्यात त्यांनी स्वतःच लिहिलं: 'फट दर माघात बघणे. बदलायचे तर आंब्याच्या महिनाभर आधी.'

मला आकडा सांगायची गरज उरली नाही.